झाशीची हवेली

झाशीत लक्ष्मी ताल या तलावाच्या काठी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांची स्मारक-छत्री आहे. झाशीच्या या बुंदेलखंड प्रदेशात जमिनीची आखणी अशी पाणी पाहूनच होत आली. खाली कठीण खडक, पाऊस चारच महिने, आणि आता तोही लहरी.

यावरचा इथला जुना उपाय म्हणजे हवेली. उताराला आडवा मातीचा बांध घालतात. पावसाळाभर शेतात तळे साचते, गाळ बसतो, पाणी हळूहळू विहिरींकडे झिरपते. ऑक्टोबरच्या सुमारास सांडव्यातून पाणी सोडायचे आणि त्याच ओलीवर रब्बी पेरायची! देखभालीअभावी अनेक हवेल्या फुटल्या. झाशीजवळच्या परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था, इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि गावकऱ्यांनी हवेली दुरुस्त केली, नाले अडवले, बांधांवर झाडे लावली. विहिरींची पातळी २ मीटरहून अधिक वाढली.

भूदृश्यरचनाकारांनी शहरातल्या तलावांनाही हवेलीसारखा मातीचा काठ ठेवावा. तलावाला उभी काँक्रीटची भिंत घातली की बेडूक आणि पाणपक्ष्यांचा उथळ काठच जातो. आपल्या गावच्या तळ्याचे सुशोभीकरण निघाले, तर आराखडा मागून घ्या आणि मातीचा उतरता काठ व देशी झाडे राखण्याचा आग्रह धरा.