जुन्या गाडीचा विजेचा जमाखर्च



मोटारीतली वीज हा मिस्त्रींचा विषय, तो नागरिकांच्या व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. चिंचोटीकरांस तसे वाटू नये. मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून कामणमार्गे भिवंडीचा रस्ता येथेच फुटतो. आषाढातल्या रात्री तुंगारेश्वराच्या डोंगरावर पाऊस कोसळत असता या नाक्यावर वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने सरकते. त्या रांगेत एखादी जुनी गाडी असते. तिचे दिवे पिवळे पडत जातात, वायपर अडखळतो. मागच्या ट्रकवाल्यास ती दिसली नाही तर काय होईल, हे सांगावयास नको.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाड्या कुर्ल्यास तयार होत. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पण हौसेने जपलेल्या जुन्या गाड्या आजही आहेत. जुन्या फियाट ११०० मध्ये वीज निर्माण करी तो डायनामो.

घरचा जमाखर्च आपण सर्व जाणतो. डायनामो ही मिळकत, बॅटरी ही शिल्लक आणि दिवे-वायपर हा खर्च. ५५ वॅटच्या दोन दिव्यांनाच १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर लागतात. वायपर, कॉइल, मागचे दिवे, पंखा मिळवले म्हणजे खर्च वीस अँपिअरच्या घरात जातो. जुन्या डायनामोची पूर्ण मिळकत जेमतेम तेवढीच; आणि तीही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी उभी राहिली की मिळकत जवळजवळ बंद! खर्च मात्र चालूच. मग शिल्लक संपावयास कितीसा वेळ?

याचे कारण रचनेत आहे. डायनामोत वीज निर्माण होते ती फिरत्या गुंडाळीत, आणि सारा प्रवाह कम्युटेटर व ब्रश यांतून बाहेर काढावा लागतो. ती गुंडाळी फार वेगाने फिरवली तर उधळते. म्हणून तिला बेताच्या वेगाने फिरवावे लागते. अल्टरनेटरमध्ये उलट आहे. वीज स्थिर गुंडाळीत निर्माण होते. फिरत्या भागास चुंबकत्वापुरते थोडे अँपिअर पुरतात. तो अधिक वेगाने फिरवता येतो, म्हणून इंजिन मंद असतानाही कामापुरती वीज मिळते. ही वीज उलटसुलट वाहते. तिला एका दिशेस वळवण्याचे काम सिलिकॉनचे डायोड करतात. ते स्वस्त झाले तेव्हाच मोटारीत अल्टरनेटर रुळला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो दिला.

आता बदल करू म्हणणाऱ्यांस आमचे सांगणे असे. आधी खर्चाची बेरीज करा. मगच यंत्र निवडा. साठ अँपिअरचा अल्टरनेटर सदासर्वदा साठ अँपिअर ओततो, ही समजूत चुकीची आहे. रेग्युलेटर दाब चौदा व्होल्टच्या आसपास राखतो आणि मागणी असेल तेवढाच प्रवाह जातो. परंतु मागणी पूर्ण झाली तर इंजिनाची सुमारे दोन अश्वशक्ती त्यातच जाते; जुना, सैल पट्टा तेथे घसरावयाचाच. दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वायरची. वीस अँपिअरसाठी घातलेल्या वायरमधून पन्नास अँपिअर सोडणे म्हणजे ओढ्याच्या पात्रात नदी सोडणे होय. वायर तापते, वरचे वेष्टण वितळते आणि गाडी पेट घेते. अनेक जुन्या गाड्यांत सारा प्रवाह समोरच्या अँमीटरमधून जातो. त्याचीही ताकद पाहावी. बॅटरीपर्यंत जाड वायर, मध्ये योग्य फ्यूज आणि सांगाड्याशी स्वच्छ, घट्ट अर्थ, एवढे झाल्यावाचून यंत्र चालू करू नये.

काही जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्यास जोडलेली असे. तेथे साधा अल्टरनेटर तसाच जोडला तर डायोड क्षणात जळतात. तसेच इंजिन चालू असताना बॅटरी काढून पाहण्याची डायनामोच्या काळातली खोड सोडून द्यावी. त्या झटक्यानेही डायोड जातात.

श्रोतेहो, मिळकत वाढवून तिजोरीची वाट अरुंद ठेवणारा संसार सुखाचा होत नाही. नुसते मोठे यंत्र बसवणे ही सुधारणा नव्हे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत सारी साखळी त्याच्या जोडीची करणे ही सुधारणा. पावसाळ्याला अजून अवकाश आहे, तोवर ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांनी हा जमाखर्च एकदा मांडून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.