उघडिपीचा पर्वत

(कॅरी येथील मराठी शाळेतील मुलांपुढे केलेले भाषण)

मुलांनो,

आपल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील माउंट मिचेल तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. उंची २,०३७ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. आज मात्र मी तुम्हांला अशा पर्वताकडे नेणार आहे, की जो समुद्रापासून जेमतेम वीस किलोमीटरवर ४,६७१ मीटर उंच उभा आहे. अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवरचा हा माउंट फेअरवेदर.

१७७८ च्या मे महिन्यात कॅप्टन जेम्स कुक यांनी त्याला हे नाव दिले. त्या दिवशी आकाश स्वच्छ होते म्हणे! आपल्या भाषेत त्याला ‘उघडीप’ म्हणू या. पण इतके फसवे नाव दुसऱ्या कोणत्या डोंगराला क्वचितच मिळाले असेल. तेथे उघडीप मिळणे हेच दुर्मीळ.

असे का? आंबोलीचा पाऊस आठवा. समुद्रावरचे दमट वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. तेथेही तेच घडते. फरक इतकाच, की आपला पावसाळा चार महिन्यांचा. तेथे अलास्काच्या आखातातून वादळे वर्षभर येतात. शिवाय दर हजार मीटर चढले, की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. किनाऱ्यावर दहा अंश सेल्सिअस असेल, तर शिखरावर उणे वीस! म्हणून खाली पाऊस आणि वर हिम. त्या हिमाचे थरावर थर साचतात, दाबाने त्यांचा बर्फ होतो आणि तो हिमनदी होऊन हळूहळू खाली सरकू लागतो. पायथ्याशी मात्र सूचिपर्णी वृक्षांचे दाट रान. समुद्र किनाऱ्याला फार गारठू देत नाही. पर्वतापलीकडे पाऊस कमी, जसा आपल्या माण-खटावात.

या पर्वतरांगेच्या पायथ्याशी लिटुया नावाचा अरुंद उपसागर आहे. ९ जुलै १९५८ च्या रात्री तेथे तीन मासेमारी बोटी नांगरून होत्या. एकीवर वडील आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा होता. एवढ्यात मोठा भूकंप झाला. कड्याचा प्रचंड भाग सुटून उपसागरात कोसळला. समोरच्या उतारावर पाणी चढले ते ५२४ मीटर! म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या जवळजवळ एकतृतीयांश.

वडिलांनी मुलाला तरंगण्याचे जाकीट चढवले. नांगर निघेना, म्हणून त्यांनी साखळी सगळी सोडून दिली. लाट आली आणि ती जाड साखळी दोऱ्यासारखी तुटली. बोट लाटेच्या माथ्यावर चढली, किनाऱ्यावरच्या झाडांवरून गेली आणि परत पाण्यात आली. बाप-लेक वाचले. दुसऱ्या एका बोटीवरची दोन माणसे मात्र कायमची नाहीशी झाली.

लाटेने जेथवर रान खरवडून नेले, तेथे नंतर नवी झाडे उगवली. वरच्या जुन्या रानापेक्षा त्यांचा रंग वेगळा आहे. उघडीप असली, की ती रेघ आजही दुरून दिसते.