हिशेबपत्रकाची रुजुवात

क्रेडिट कार्डाचे मासिक हिशेबपत्रक हाती आले की अखेरची रक्कम तेवढी पाहून ते बाजूस सारण्याची जी वहिवाट आपल्या घरांतून पडली आहे, तिच्याच आश्रयाने दुबार लागलेली आकारणी, परत केलेल्या मालाची न मिळालेली वजावट आणि कोणा परक्या इसमाने केलेली खरेदी महिनोन्महिने बिनबोभाट नांदत असते.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ज्यात दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची वर्दी, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत दिली, तर ग्राहकावर भार पडत नाही; 4 ते 7 दिवस लागल्यास तो मर्यादित राहतो, आणि ग्राहकाची जबाबदारी शाबीत करण्याचे काम सर्वथा बँकेचे असते. मात्र ओटीपी स्वमुखाने सांगून बसलेल्यास वर्दी देईपर्यंतचे सारे नुकसान सोसावे लागते. नियम कठोर खरा, पण गैरवाजवी म्हणवत नाही. तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीच्या 1930 या क्रमांकावरही विनाविलंब कळवावे.

ओळखीची चोरी, म्हणजे आपल्या नावावर परक्याने कर्ज काढणे, याहून गूढ. जेथे चालेल तेथे केवळ अखेरचे 4 अंक दर्शविणारे आधारपत्र द्यावे, छायाप्रतीवर प्रयोजन व तारीख लिहावी, आणि वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा आपला पत-अहवाल मागवून, न घेतलेले कर्ज त्यात आढळल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेस व अहवाल देणाऱ्या कंपनीस, दोहोंस लेखी हरकत कळवून पोच घ्यावी.