घोडी घेताना, घोडी विकताना



बैलाचा बाजार आपल्या नगर जिल्ह्यात कुणाला नवा नाही. काष्टी, घोडेगाव, लोणी ही नावं लहान पोरालाही पाठ असतात. घोड्याचा व्यवहार मात्र थोड्या घरांपुरता उरला आहे. तरी तो संपलेला नाही. श्रीगोंदे, कर्जत, पारनेर या बाजूच्या धनगर बांधवांना मेंढरांबरोबर घोडी लागतेच. कळप चाऱ्याच्या वाटेला लागला, की भांडीकुंडी, वाघर, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि चालून थकलेलं पोर, सगळं बिऱ्हाड तिच्या पाठीवर. ती वाटेत बसली, तर बिऱ्हाड बसलं.

ही तट्टं भीमेच्या थडीची, म्हणून भीमथडी. दिसायला ठेंगणी, पण काटक. मराठ्यांच्या फौजा अशाच तट्टांवर दूरदूर गेल्या. त्या फौजेत सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर आणि स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. शिलेदाराचं घोडं गेलं की त्याची भाकरी गेली. आजचा मेंढपाळ त्या अर्थानं शिलेदारच आहे. २०२३-२४ साली भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. तेव्हा हे जनावर आता नीट पारखून घ्यावं आणि नीट राखावं.

पारख दातांपासून सुरू होते. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात. त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. पुढे खालच्या दातांवरचे खळगे झिजू लागतात. मधल्यांचे सहाव्या, शेजारच्यांचे सातव्या, कडेच्यांचे आठव्या वर्षी. दहाव्याच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी उभी रेघ उमटते. पंधराव्याला ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाला पोचते. चारा आणि माती यांप्रमाणे थोडं मागंपुढं होतं, पण म्हातारी घोडी तरणी म्हणून गळ्यात पडत नाही.

मग पाय पाहा. चारही खूर उचलून बघा. कठीण जमिनीवर दुडकी चालवा. दुखऱ्या पुढच्या पायावर भार आला की घोडी मान वर झटकते. खोगीर काढून पाठीवर हात फिरवा. जुनी जखम केसांखाली लपते. आणि ओझं लादून, कुत्री-मेंढरांच्या गलक्यात तिला चालवून बघा. मोकळ्या मैदानात शहाणी दिसणारी घोडी कळपात बुजत असेल, तर तुमच्या काय कामाची?

आता भोवऱ्यांबद्दल. अमुक जागी भोवरा म्हणजे गोम, ती घरबुडवी, असं म्हणून चांगलं जनावर कवडीमोलानं मागतात. भोवरा म्हणजे केसांची वळणं. ओळख पटवायला त्याचा उपयोग होतो, नशीब सांगायला नाही. शिक्षक मंडळींनी वर्गात हे जरूर सांगावं.

खरी भीती आहे ती ग्लँडर्स रोगाची. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर गाठी नि व्रण ही त्याची लक्षणं. तो माणसालाही होतो, आणि त्यावर लस नाही. तेव्हा नाक वाहणारं घोडं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्या. रोगाचा संशय आला तर तो कळवणं २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे.

आता विकणाऱ्याला दोन शब्द. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तो भाव भोवतालच्यांपासून लपवावा, पण खोड घेणाऱ्यापासून लपवू नये. लाथाडते, तंग आवळताना चावते, रात्री दावं तोडते, हे तोंडानं सांगावं. शंभर-दोनशे कमी येतील. पण न सांगता विकलेल्या घोडीच्या लाथेखाली उद्या कुणाचं तरी पोर येईल. घेणाऱ्यानंही इसार देण्याआधी खोडीबद्दल सरळ विचारावं आणि ठरलेलं चार माणसांसमोर कागदावर घ्यावं.

बाजार एका दिवसाचा असतो. घोडी मात्र पुढची दहा-बारा वर्षं तुमच्या बिऱ्हाडाबरोबर चालायची असते. तेवढ्यासाठी एक दिवस सावकाश घालवावा, हे बरं.