मत त्यांचं, सोबत आपली



२६ एप्रिल २०२४, अमरावती लोकसभेचं मतदान. दृष्टिहीन शेजाऱ्यांचा सोबती म्हणून मी मतदान केंद्रावर गेलो. सोबती १८ वर्षांवरचा हवा, एका दिवशी एकालाच मदत करता येते आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. मी सही केली आणि यंत्राजवळ लगेच विचारलं, "सांगा, कोणतं बटन दाबू?"

ते म्हणाले, "साहेब, मले इथपर्यंत आणलं, झालं. दाबतो मीच."

बटनांशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक असतात. ते बोटांनी वाचून त्यांनी स्वतःच बटन दाबलं. मी मान फिरवली. बँकेत उभी हयात लोकांचे अंगठे घेतले. पण आधी माणसाला विचारावं, हे त्या दिवशी शिकलो.

८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरूनही मतदान करता येतं. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत नमुना १२-डी भरून द्यावा लागतो. रौप्यमहोत्सवी वर्षात आपण एवढं करू : अधिसूचना निघाली की प्रत्येक घरी जाऊन विचारू, "घरून देता, की केंद्रावर येता?" येतो म्हणाले, तर गाडी काढू. बटन मात्र त्यांचंच.