किशोरवय, आहार आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-किशोर मेळाव्यात झालेले व्याख्यान)



जैन घरात जन्मलेल्या मुलाला अन्नाकडे चौकसपणे पाहण्याचे शिक्षण अक्षरओळखीच्याही आधी मिळते. पाणी गाळलेले आहे ना, पीठ किती दिवसांचे आहे, भाजीत कंदमूळ नाही ना, सूर्यास्ताला किती अवधी उरला, हे प्रश्न त्याच्या कानांवर रोज पडतात. दुकानातील पाकीट हाती येताच मागची बारीक अक्षरे वाचून कांदा-लसणाचा शोध घेणारी आठ-दहा वर्षांची मुले याच समाजात दिसतात. इतकी सजगता अन्यत्र क्वचितच आढळेल. तरीही एक प्रश्न या घरांतून सहसा विचारला जात नाही. ‘हे चालते का?’ याचे उत्तर मिळाले की चौकशी संपते. ‘हे पुरते का?’ हे विचारायचे राहून जाते.

किशोरवयात हे राहून जाणे महाग पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के, तर मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सुखवस्तू घरेही यातून सुटलेली नाहीत. दहावीतील मुलगी जिना चढताना थांबते, पुस्तक उघडताच तिला पेंग येते, चेहरा निस्तेज दिसतो. घरातील मंडळी दोष देतात तो मोबाईलला आणि जागरणाला. अन्न तर शुद्ध, सात्त्विक, घरच्या तुपातले. तेथे उणीव असेल ही शंकाच मनाला शिवत नाही. रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन १२ च्या बरेच खाली निघते, तेव्हा घर चकित होते. शुद्धता आणि पुरेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे तरी या तपासणीने घराला कळावे.

यावर उपदेश हा उपाय नव्हे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘हे खाऊ नकोस’ असे दहा वेळा सांगितले, तर अकराव्या वेळी ते लपून खाते. त्यापेक्षा आलोचनेची जी रीत परंपरेने दिली आहे, तीच ताटाला लावावी. दिवसाअखेर स्वतःच्या वर्तनाकडे प्रांजळपणे पाहणे ही गोष्ट जैन मुलाला नवी नाही. मुलाने आठ दिवस एका वहीत लिहावे: काय खाल्ले, किती वाजता, किती, आणि भूक होती की कंटाळा होता. वही त्याची स्वतःची असावी. आई-वडिलांनी ती त्याच्या संमतीवाचून उघडू नये. उघडली तर नवव्या दिवशी तिच्यात खोटे लिहिले जाईल.

अशा वहीतून घरोघरी साधारण सारख्याच गोष्टी वर येतात. पहिली चहाची. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दररोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे मान आहे. धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतील लोह शरीराला मुळातच थोडे मिळते. त्यावर लगेच चहा घेतला की ते आणखी घटते. म्हणूनच २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शनात जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व तेच लोह शोषून घेण्यास साह्य करते.

दुसरी गोष्ट आमटीची. त्याच वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने हवीत, मुलीला ४६. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम असते. तिच्यातून पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वाटी भरलेली दिसते, एवढेच. वरण घट्ट हवे, भाकरीबरोबर मटकी किंवा चवळी हवी, शेंगदाण्याची चटणी हवी. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते व डाळीतील उणीव धान्य भरून काढते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असेल, तर या सर्वांचे प्रमाण वाढविणे ओघानेच आले. नाचणीचे स्थानही विसरू नये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

वहीतील सर्वांत दुबळी जागा मात्र संध्याकाळची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेव्हा मुले शिकवणीच्या वर्गात असतात. नियम मोडायचा नाही, म्हणून पाच वाजता वेफर्सचे पाकीट व शीतपेय यांवर रात्र काढली जाते. येथे दोष मुलाचा नाही आणि नियमाचाही नाही. दुसऱ्या डब्याची तरतूदच झालेली नसते. पाकिटावरील हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, हितकर असल्याचे नव्हे. कांदा-लसूण शोधणाऱ्या डोळ्यांनी तेथेच साखर व मीठही वाचावे. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तीनशे मिलिलिटर कोला पेयात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. सायंकाळच्या डब्यात मुगाचे धिरडे, थालीपीठ, शेंगदाणे-गुळाचा लाडू असे काही भरणारे असेल, तर रात्रिभोजनत्याग सुखाने पाळला जातो.

दूध-दहीही नाकारणाऱ्या तरुणांची संख्या अलीकडे वाढते आहे. त्यामागील करुणा आदरणीयच आहे. परंतु ब-१२ जीवनसत्त्व शाकाहाऱ्याला प्रामुख्याने दुग्धजन्य पदार्थांतूनच मिळते. ते सोडणाऱ्याने वैद्यांच्या सल्ल्याने गोळी किंवा हे जीवनसत्त्व मुद्दाम घातलेले पदार्थ घ्यावेत. ही उणीव मज्जातंतूंना इजा करते आणि पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येते.

शेवटी एक नाजूक बाब. अनशन आणि ऊनोदरी ही बाह्य तपे आहेत. त्यांचा हेतू कषाय मंद करणे हा आहे, कंबर बारीक करणे हा नाही. एखादी मुलगी वरचेवर उपवास धरू लागते, पारण्यालाही दोन घास खाऊन उठते, दिवसातून चारदा आरशापुढे उभी राहते, तेव्हा घरी तिच्या धर्मनिष्ठेचे कौतुक होते. तिची मासिक पाळी अनियमित झाली आहे काय, वजन उतरते आहे काय, हे आईने एकांतात, न रागावता विचारावे. उत्तर होय आले, तर पुढचा उपवास थांबवून आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि हे तिला सांगण्याचे काम पाठशाळेतील ताईंनी किंवा ज्यांच्यावर तिची श्रद्धा आहे अशा साध्वीजींनी केले, तर ती ऐकण्याचा संभव अधिक.