पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'कल्याणकारी राज्य' हा विषय दिला. मी काही प्राध्यापक नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं शिकलो ते गिरणीच्या पाळ्या सांभाळून वाचनालयात. तेव्हा माझ्या पगाराच्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करतो.

त्या चिठ्ठीत दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला असतो, फेब्रुवारीत ३००. खात्यातले सगळे कुरकुरतात. मीही कुरकुरायचो. हा कर आला कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या शिरूर-दौंड भागातल्या विहिरी आटल्या. माझी आई खडी फोडायला जायची. मी चार वर्षांचा, सावलीला बसवलेला. सुकडी मिळायची, तेवढी आठवते. पण ते दुष्काळी काम होतं. सरकारने काढलं तर निघालं, पाऊस पडला की बंद.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं वेगळं होतं. मजुराने काम मागावं आणि सरकारने ते द्यावंच. १९६५ साली तासगाव तालुक्यात तसा प्रयोग झाला. १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसला, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता, बाई-पुरुषाला एकच दर. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. म्हणजे माझ्या चिठ्ठीतला कर मुळात माझ्या आईसारखीच्या मजुरीसाठी होता, आणि मी त्यालाच शिव्या देत होतो!

बाबासाहेबांचंही हेच सांगणं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर ते बोलले. बाईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, म्हणून बराचसा भार सरकारने उचलावा, असं त्यांनी मांडलं. पुढे १९४२ ते ४६ ते मजूरमंत्री होते. घटनेच्या ४१ व्या कलमात काम, शिक्षण, आणि म्हातारपणी, आजारपणी मदत, हे सारं आहे. मात्र ३७ वं कलमही वाचा. या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही. कोर्टात उभं राहायचं तर कायदा लागतो, आणि कायदा असला तरी कागद लागतो.

हे आईमुळे कळलं. हमीचा कायदा झाल्यावर तिने एका कचेरीत जाऊन काम मागितलं, तोंडी. "काम निघालं की कळवू," म्हणाले. ती तीन महिने वाट बघत बसली. भत्ता मागायला गेली तर म्हणाले, अर्ज कुठाय? पोच कुठाय? हक्क होता, पण हातात चिठोरंसुद्धा नव्हतं.

आपल्या वस्तीत संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज असेच अडकलेत. ही योजना १९८० पासूनची आहे. आपल्या आयाबाया "साहेब बघतो म्हणाले" एवढ्यावर परत येतात. सभा संपल्यावर मी इथेच बसणार आहे. पोच असेल त्यांनी ती आणावी. नसेल त्यांच्यासाठी कोरे कागद मी आणलेत, अर्ज आजच लिहू. सोमवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळी तहसीलला सोबत येतो.

जयभीम.